तपासलं – टेमगिरे

नाना टेमगिरे कॉम्प्युटरजवळ यायच्या आधी हात धुऊन यायचे. नुसते धुऊन नाही. साबण लावून, कोपरापर्यंत, मग सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसून. मी म्हणायचे, "नाना, तुम्हाला नुसतं वाचायचंय. हात कुठे लावायचाय?" त्यावर ते म्हणायचे, "वाचायला बी हात साफ लागत्यात, म्याडम." उभा जन्म मशिनच्या ऑइलमध्ये गेलेल्या माणसाकडे एवढं सोवळं कुठून आलं होतं कोण जाणे.

चाकणच्या एका कारखान्यात मी कामाला होते. तिथे मोठमोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढत. माझं काम मात्र वातानुकूलित खोलीतलं. कारखान्याची एक आतली वेबसाइट होती. कुठलं मशिन कसं बंद करायचं, कसं खोलायचं, काय आधी आणि काय नंतर, या प्रत्येक कामाचं तिच्यावर एक पान. ती पानं मी लिहायची आणि शॉपवरच्या, म्हणजे मशिनं चालतात तिथल्या, फिटर लोकांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर उघडून बघायची. मी मराठीत एम.ए. केलेली, वर टेक्निकल रायटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स. मशिन म्हणून माझी जवळची ओळख घरच्या मिक्सरशी. रोज सकाळी संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस पकडायची, चाकणला उतरायचं आणि कधी न पाहिलेल्या यंत्रांविषयी ठामपणे लिहायचं, असा माझा दिनक्रम होता.

नाना मेंटेनन्सचे फोरमन. राजगुरुनगरच्या पुढचं त्यांचं गाव, पण राजगुरुनगर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते खेडच म्हणत. पाठ दुखावली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, तेव्हा कंपनीने त्यांना माझ्या शेजारी खुर्ची दिली. मी लिहिलेली पानं बरोबर आहेत का ते त्यांनी बघायचं. फोरमनला खुर्चीवर बसवणं ही एक प्रकारची शिक्षाच, पण त्यांनी ती मनाला लावून घेतली नाही. कारण ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

पहिल्याच पानाला त्यांनी मला उठवलं. "चल, मशिनपाशी." मी लॅपटॉप घेऊन मागे. तिथे गेल्यावर म्हणाले, "आता वाच. वाचशील तसं मी करतो."

मी वाचलं, "झाकण उघडा."

नानांनी दोन्ही हातांनी झाकण धरून ओढलं. ते हललं नाही. परत ओढलं. आजूबाजूची माणसं कामं सोडून बघायला लागली. नाना घामाघूम होऊन म्हणाले, "न्हाई उघडत."

"अहो नाना, बोल्ट काढावे लागतील ना आधी!"

"व्हय? तुज्या पानात न्हाई ते."

सगळे खो खो हसले. मीही हसले, पण कान लाल झाले होते. परत येताना ते हळूच म्हणाले, "मला ठावं हाय बोल्ट काढायचं. पर उद्या नवा माणूस आला, त्याला कसं ठावं? पान त्याच्यासाठी हाय, माज्यासाठी न्हाई." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी म्याडमची पोरी झाले. चारचौघांत म्याडम, मशिनपाशी पोरी.

मग बॅजचा विषय निघाला. पानं वाढत गेली आणि कुठलं तपासलेलं, कुठलं अर्धवट, कुठलं जुनं झालेलं, हे शॉपवरच्या माणसाला कळेना. मी शोधाशोध करून एक प्लगइन बसवलं. प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार तुकडा. प्रत्येक पानाच्या फाइलमध्ये अगदी वर दोन ओळी लिहायच्या. वाचणाऱ्याला त्या ओळी दिसत नाहीत; प्लगइन त्या वाचतं आणि पानाच्या नावाशेजारी एक रंगीत बिल्ला लावतं. हिरवा म्हणजे तपासलेलं, पिवळा म्हणजे अजून बघायचंय, लाल म्हणजे जुनं, वापरू नका. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. मी नानांना बोलावून हिरवा बॅज दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'तपासलं'.

नाना बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "कुणी?"

"कुणी म्हणजे?"

"तपासलं म्हंतोय. कुणी तपासलं? नाव नगं का? बिननावाचं सांगनं म्हंजी पारावरच्या गप्पा."

म्हणून मी नाव घातलं. 'तपासलं – टेमगिरे.' नानांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हात धुवायला गेले. आत्ताच धुऊन आले होते. मला वाटतं, त्यांना आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळलं नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी मशिनं चालती ठेवली, पण त्यांचं नाव कारखान्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

रीत ठरली. नानांनी मशिनपाशी उभं राहून, माझं वाचन ऐकत, काम स्वतः करायचं. जमलं की माझ्याकडे बघून मान हलवायची आणि म्हणायचं, "लाव." मग मी ती ओळ लिहायची. त्यांच्या 'लाव'शिवाय हिरवा लागत नसे. फिटर लोकांना हे माहीत झालं होतं. पान उघडलं की ते आधी रंग बघत, मग नाव, आणि मगच पाना हातात घेत. पिवळं असलं की म्हणत, "थांबा राव, नानांना येऊ द्या."

एकदा गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. आमचे मॅनेजर साहेब, माणूस वाईट नाही पण तपासणी म्हटली की त्यांचं पोट बिघडायचं, ते आदल्या दिवशी आले आणि म्हणाले, "नाना, अकरा पानं पिवळी आहेत. उद्यापुरती हिरवी करून टाका. परवा परत पिवळी करू."

नाना म्हणाले, "उद्यापुरतं कसं? मी परवा कोन असंन?"

"अहो, फक्त रंगाचा प्रश्न आहे."

"रंगाचा न्हाई, साहेब. नाव हाय त्याच्यावर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल पोरी, व्हतील तेवढी बघू." त्या दिवशी ते जेवले नाहीत. पाठीला पट्टा बांधून मशिनखाली वाकले, चढले, उतरले. सात पानं झाली, चार राहिली. ती चार दुसऱ्या दिवशी पिवळीच होती. पाहुण्यांनी नेमकं त्यांवर बोट ठेवलं. साहेबांनी आठवडाभर नानांशी बोलणं टाकलं. नाना रोज त्यांना नमस्कार करत राहिले आणि आठव्या दिवशी उरलेली चार पानं तपासून मोकळे झाले.

पुढच्या वर्षी नवी प्रेस आली. ती बसवायला बाहेरची माणसं होती, गडबड मोठी, आणि त्याच महिन्यात नाना पाठीच्या उपचारासाठी पंधरा दिवस रजेवर. नव्या प्रेसची पानं मला लवकर उभी करायची होती. मी सगळेच करतात ते केलं. जुन्या प्रेसच्या फाइली उचलून त्यांची नक्कल केली, नाव बदललं, आकडे बदलले, चित्रं बदलली. बाकीचं नाना आल्यावर बघू म्हटलं. मग ते आले आणि दुसरीच कामं निघाली.

आत हात घालण्याआधी जुन्या प्रेसमध्ये आतला दाब एका ठिकाणी सोडायचा असे, नाहीतर बंद प्रेसही हलते. नवीत दोन ठिकाणी. माझ्या पानावर एकच जागा होती.

परभणीकडचा भागवत नावाचा फिटर, तिशीचा, शांत माणूस, त्याने पान उघडलं, एका ठिकाणचा दाब सोडला आणि आत हात घातला. त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "हिरवं होतं की हो मॅडम. नानाचं नाव होतं, म्हनून तर हात घातला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. साहेब, सुरक्षा विभागाचे एक अधिकारी, नाना आणि मी. भिंतीवर ते पान मोठं करून लावलेलं. 'तपासलं – टेमगिरे.'

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे तुम्ही तपासलं होतं?"

"न्हाई," नाना म्हणाले. "ह्या प्रेसला मी अजून हात बी लावला न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "तू यांनी सांगितल्याशिवाय बॅज लावतेस का?"

"नाही सर. कधीच नाही," मी म्हणाले. आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

 नाना त्या पानाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पानाकडे. आणि सावकाश म्हणाले, "व्हय. पोरगी सांगितल्याबिगर लावत न्हाई. मंग मीच सांगितलं असंन."

"वय होतंय नाना," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "रजेवरून आलात, औषधं चालू होती. होतं असं कधी."

तो मऊ आवाज मला अजून ऐकू येतो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

जागेवर येऊन मी ती फाइल उघडली. वरच्या दोन ओळी, ज्या पानावर दिसत नाहीत, त्या जुन्या फाइलीतून जशाच्या तशा आल्या होत्या. नक्कल करताना मी सगळं बदललं होतं, त्या तेवढ्या राहिल्या होत्या. प्लगइनने इमानेइतबारे त्या वाचल्या आणि नानांचं नाव लावलं. मी नव्या प्रेसची बाकीची पानं उघडली. सगळी हिरवी. टाकल्यापासून ती तशी होती आणि मी एकदाही यादीवरून नजर फिरवली नव्हती. मी ती सगळी पिवळी केली. चौकशीची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. साहेब अजून तिथेच बसलेले दिसत होते. मी उठले नाही. त्या महिनाअखेरीला माझं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरणार होतं, हे एक कारण मी स्वतःला देत आले आहे. खरं म्हणजे मी घाबरले. याहून मोठं काही नव्हतं.

नानांवर कारवाई झाली नाही. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीकडे बघून ताकीद देणारं एक पत्र देऊन सोडलं. कामगारही त्यांना वाईट बोलले नाहीत. पण पान उघडल्यावर नुसतं नाव बघून आता त्यांचं समाधान होईना. हिरवं असलं तरी आपापसांत विचारू लागले, "नक्की ना रे?" नाना शेजारून जात असले की हा प्रश्न हळू आवाजात विचारला जायचा, आणि नानांचे कान चांगले होते.

पण खरी वाईट गोष्ट वेगळीच झाली. तीन-चार आठवड्यांनी ते माझ्याजवळ येऊन बसले. प्रथमच खुर्चीवर नीट टेकून बसले. म्हणाले, "पोरी, मी कवा म्हनलो गं 'लाव'? कुठं उभे व्हतो आपन? तू आठवून सांग. मला काय केल्या आठवंना."

मी स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मलाही नाही आठवत, नाना. कामाची गडबड होती तेव्हा."

"बरं. त्या कॉम्प्युटरात असंन ना कुठं? तारीख, टाइम?"

"बघते," मी म्हणाले.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी 'बघते' म्हणाले. पुढे विचारलं नाही. त्यांना वाटलं असावं, हेही आपण आधी विचारलंय आणि विसरलो.

त्यानंतर नानांनी 'लाव' म्हणणं जवळजवळ सोडलं. मशिनपाशी काम पुरं व्हायचं, मी बघत राहायची, आणि ते म्हणायचे, "उद्या परत बघू." उद्या परत तेच. ज्या मशिनचे बोल्ट ते डोळे मिटून मोजायचे, तिथे बोट लावून मोजू लागले. दोनदा, तीनदा. खिशात एक छोटी वही आली. एक दिवस त्यांनी मुदतीआधीच राजीनामा दिला. निरोपाला शाल, नारळ, भाषणं. साहेब म्हणाले, "नानांसारखी माणसं आता होत नाहीत." नाना उठून बोलले ते एकच वाक्य. "माझ्यामुळं कुनाला इजा झाली, त्याची माफी असावी." भागवत तिथेच होता. त्याने पुढे होऊन त्यांचे पाय धरले. मी टाळ्या वाजवल्या.

यानंतर दीड वर्षाने आमची वेबसाइट नव्या ठिकाणी हलवायची ठरली. साहेब म्हणाले, "ते जुने बॅज काढून टाक. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव कशाला?" एका आदेशात सगळी नावं पुसता आली असती. मी एकेक फाइल उघडून पुसायला बसले. का, ते सांगता येणार नाही. प्रत्येक पानापाशी मला ते उभे दिसत होते. इथे वाकले होते, इथे हसले होते, इथे मला ओरडले होते. संध्याकाळपर्यंत निम्मी झाली आणि मग मला पुढे जाता येईना. मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आता कशाला उकरतेस? सगळं मिटलंय." मी त्यांना तेच लिहूनही पाठवलं. उत्तर आलं नाही. माझी नोकरीही गेली नाही. ज्या भीतीपायी मी इतका काळ तोंड शिवून बसले, ती एवढीशी निघाली.

त्या रविवारी स्कूटर घेऊन मी नानांच्या गावी गेले. सिमेंटचं छोटं घर, मागे पत्र्याची शेड, बाजूला मेथीचे वाफे. नाना वाफ्यात होते. नानांच्या पत्नीने, काकूंनी, पाणी दिलं. "किती दिसांनी कंपनीतलं मानूस आलं," म्हणाल्या. नाना हात धुवायला गेले तेव्हा माझी नजर दारामागच्या भिंतीवर गेली. पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी एक वही दोरीने टांगलेली होती. मी सहज उघडली. 'मोटार बंद केली. टेमगिरे.' खाली परत तेच. पानंच्या पानं. गॅसची वही वेगळी होती, ती स्वयंपाकघरात होती.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "सारखं वाटतंय त्यांना, आपन इसरतो. डागदरकडं न्हेलं दोन बार. डागदर म्हनला, डोकं माझ्यापरीस चांगलं हाय. पर त्यांचा इश्वास न्हाई. गाडी सोडली. खेडला एकलं जात न्हाईत. म्हंत्यात, वाट इसरलो तर?"

नाना येऊन समोर बसले. वाळले होते. मला बघून मात्र चेहरा फुलला. भागवत कसा आहे, नवी प्रेस कशी चाललीय, साहेबांचं पोट कसं आहे, सगळं विचारलं. मी मध्येच म्हणाले, "नाना, मला काही सांगायचंय." आणि सांगितलं. नक्कल केली ते, वरच्या दोन ओळी राहिल्या ते, चौकशीनंतर तासाभरातच मला कळलं ते, आणि तीनदा 'बघते' म्हणून मी न बघितलेलं ते. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. संपल्यावरही मान वर करायचं धाडस होईना. शिव्या खायची मी तयारी करून आले होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

नानांनी विचारलं, "म्हंजी मी 'लाव' म्हनलो न्हवतो?"

"नाही, नाना."

"त्या पानाला मी हात बी लावला न्हवता?"

"नाही."

"मंग मी इसरलो न्हवतो."

"नाही, नाना. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

ते उठले. पाठीवर हात ठेवून, जमेल तेवढं ताठ. आणि काकू दोन हातांवर उभ्या असताना मोठ्याने ओरडले, "आगं, ऐकलंस का? मी इसरलो न्हवतो! पोरीनं आत्ता सांगितलं!"

काकूंनी ऐकलं होतं. त्या नानांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातातला रिकामा पेला त्यांनी काढून घेतला आणि त्या आत गेल्या, त्या परत बाहेर आल्या नाहीत.

नाना मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. मी हात जोडून म्हणाले, "नाना, मला माफ करा." त्यांनी ते ऐकलंच नसावं. त्यांचं लक्ष पलीकडच्या शेतातल्या माणसाकडे होतं. त्याला हाक मारून, हात हलवून, त्यांनी बांधापाशी बोलावून घेतलं.

पुढे तीन महिन्यांनी ते झोपेतच गेले. मला दिसतात ते मात्र त्या बांधावर. डोक्यावर ऊन, चेहरा लहान मुलासारखा उजळलेला, आणि त्या शेजाऱ्याचा दंड धरून सांगत होते, "आरं, कंपनीतनं म्याडम आल्यात खास, हेच सांगायला. मी इसरलो न्हवतो!" त्या बिचाऱ्याला काहीच कळत नव्हतं. तो नुसता "बरं झालं, बरं झालं" म्हणत होता. मी गाडी सुरू केली, वळणापाशी मागे बघितलं, तरी ते सांगतच होते.